सवडीचे काम, पण सवड कोणाची?

एका वाचक मैत्रिणीचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश देते. वय ३६. जाहिरात संस्थेत अकरा वर्षे ग्राफिक डिझायनर आणि चित्रकार म्हणून नोकरी. चार वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताचे निदान झाले. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास बोटे आखडलेली असतात, मनगटे सुजतात, आणि दुखण्यापेक्षाही थकवा जास्त छळतो. शनिवारी रात्री मेथोट्रेक्झेट या संधिवातावरच्या औषधाचा आठवड्याचा डोस असतो, त्यामुळे रविवार मळमळीत आणि झोपेत जातो. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी नोकरी सोडली आणि त्यानंतर बाहेरची तीन कामे घेतली. पहिले, एका बोधचिन्हाचे, नीट पार पडले. दुसरे २४ पानांच्या बालपुस्तकाच्या चित्रांचे होते. मुदत सहा आठवड्यांची होती आणि काम नऊ आठवड्यांनी पोहोचले. प्रकाशकाने पैसे दिले, पण पुन्हा बोलावले नाही. पुस्तकाची प्रत टपालाने घरी आली, ते पाकीट त्यांनी अजून उघडलेले नाही. तिसऱ्या कामाची आगाऊ रक्कम त्यांनी स्वतःहून परत केली. त्या विचारतात : “माझ्यासारखीला घरबसल्या झेपतील अशी सर्जनशील कामे कोणती, त्यांची यादी द्याल का? आजार आहे हे आधी सांगावे की लपवावे? आणि खरे सांगा, मी आता बेभरवशाची झाले आहे, तर कोणाचे काम घ्यावे तरी का?”

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा आधी घेते, कारण त्याचे उत्तर तुम्हीच पत्रासोबत जोडले आहे. दोन महिन्यांची जी नोंद तुम्ही पाठवली आहे, ती मी कागद-पेन्सिल घेऊन वाचली. त्यात आठवड्यातले साधारण दोन दिवस चांगले आहेत आणि त्या दिवशी तुम्ही चार तास काम करू शकता. तीन दिवस मधले आहेत, त्या दिवशी दीड तास होतो. उरलेल्या दोन दिवसांत, म्हणजे रविवारी आणि आणखी एका दिवशी, काहीच होत नाही. हा हिशेब आठवड्याला साडेबारा तासांचा झाला. बालपुस्तकाच्या एका पानाला कच्च्या रेखाटनापासून रंगापर्यंत सहा तास लागले, असे तुम्हीच लिहिले आहे. २४ पानांचे १४४ तास होतात, आणि १४४ला साडेबाराने भागले की साडेअकरा आठवडे येतात. हे काम तुम्ही नऊ आठवड्यांत संपवलेत. प्रकाशकाच्या दिनदर्शिकेप्रमाणे तुम्ही तीन आठवडे उशीर केलात, पण तुमच्या शरीराच्या दिनदर्शिकेप्रमाणे तुम्ही अडीच आठवडे आधी पोहोचलात. त्यासाठी दर आठवड्याला साडेतीन तास शरीराकडून उसने घेतले, आणि ते फेडायला नंतरचे पाच आठवडे गेले, ज्यात तुम्हाला पेनही धरता आला नाही.

या सगळ्यात बेभरवशाचे एकच होते, ते म्हणजे ‘सहा आठवडे’ हा आकडा. तो कुठून आला, याचा विचार करा. माझा अंदाज असा, की नोकरीत असताना एवढ्या कामाला सहा आठवडे पुरत, म्हणून तो तोंडून निघून गेला. आठवड्याला २४ तास बसू शकणाऱ्या त्या पूर्वीच्या बाईने दिलेला शब्द आजच्या बाईने पाळायचा, असा तो व्यवहार होता. आजारपणात अनेकांचे असे होते. क्षमता आजची असते आणि अंदाज मात्र निदानाच्या आधीच्या वर्षातले असतात. त्यातही आपण अंदाज नेहमी चांगल्या दिवशी बांधतो, कारण काम मिळवण्याचे फोन आणि पत्रव्यवहार आपण चांगल्या दिवशीच करतो. वाईट दिवशी कोणी मुदत ठरवायला बसत नाही. म्हणून माझी पहिली विनंती ही, की यापुढे मुदत कधीही फोनवर, बोलता बोलता देऊ नका. “पाहून उद्या कळवते,” एवढेच म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी नोंदवही समोर घेऊन भागाकार करा. भागायचे तेही साडेबाराने नव्हे. साडेबारा ही सरासरी आहे, आणि सरासरीवर शब्द देणारा माणूस निम्म्या वेळा तोंडघशी पडतो. दोन-तृतीयांश धरा, म्हणजे आठवड्याला आठ तास. १४४ तासांना अठरा आठवडे. हा आकडा तुम्हाला लाजिरवाणा वाटेल. बालपुस्तकाच्या जगात मात्र तो मुळीच चमत्कारिक नाही. चित्रांना काही महिने लागतात, हे अनुभवी प्रकाशक धरूनच चालतो. सहा आठवडे ही घाई होती, आणि ती आजारी नसलेल्या चित्रकारालाही जडच गेली असती.

आता यादीकडे. यादी मी देणार नाही, आणि यात टाळाटाळ नाही. ‘आजारी माणसांसाठी घरबसल्या कामे’ अशा याद्या पुष्कळ फिरत असतात आणि त्यांत एकाच ओळीत पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि समाजमाध्यमांवरच्या रोजच्या पोस्ट, दोन्ही बसवलेले असते. वरकरणी दोन्ही कामे सारखीच, दोन्ही घरून होतात, दोन्हींना डिझायनर लागतो. पण रोजच्या पोस्टचे काम तुम्हाला एका महिन्यात आडवे करील, कारण त्यात उद्याचे काम आज करून ठेवता येत नाही आणि आजचे उद्यावर ढकलता येत नाही. ज्याला बाजारात ‘सवडीचे काम’ म्हणतात, त्यातली सवड बहुतेक वेळा काम देणाऱ्याची असते. त्याला रात्री अकराला सुचते, शुक्रवारी संध्याकाळी आठवते, आणि तुम्ही नोकरीत नसल्यामुळे ‘आता वेळ नाही’ म्हणायला तुमच्याकडे कार्यालयाची बंद झालेली दारेही नसतात. नोकरीतले ठरलेले आठ तास सुटले म्हणून आपण मोकळे झालो असे वाटते, आणि प्रत्यक्षात चोवीस तास कोणाच्या तरी हाकेला ओ देत बसतो.

म्हणून कोणतेही काम समोर आले, की ‘हे सर्जनशील आहे का’ याच्या आधी मी तुमच्या जागी काही साधे प्रश्न विचारले असते. हे काम मध्येच खाली ठेवता येते का, आणि दहा दिवसांनी उचलले तर जिथे सोडले तिथूनच सुरू होते का? माझी वाट कोण पाहत आहे, छापखाना, की एखादा थेट कार्यक्रम, की कोणीच नाही? ठरलेल्या वेळी मी तिथे, पडद्यावर का होईना, हजर असायलाच हवे का? आणि काम एकदा झाले, की ते पुन्हा पुन्हा विकता येते, की दर वेळी नव्याने हात झिजवावा लागतो? या कसोटीवर मुखपृष्ठे, बालपुस्तके, त्रैमासिकांची रेखाटने, कापडासाठी वा कागदासाठीचे नक्षीनमुने, आणि आधी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवलेले चित्रकलेचे पाठ टिकतात. बातमीसोबत त्याच दिवशी जाणारे चित्र, कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीपर्यंत बदलणारे फलक आणि दर आठवड्याचा थेट वर्ग टिकत नाहीत. मात्र हा निवाडा तुमच्या आजाराचा आहे. ज्या वाचकाला अर्धशिशी आहे आणि पडद्याच्या प्रकाशाने डोके फुटते, त्याला कदाचित तासाभराचा थेट तोंडी वर्गच सोपा जाईल आणि मुखपृष्ठ अवघड.

इथे एक गृहीतक मला थोडे हलवून पाहायचे आहे. पत्रात तुम्ही तीनदा ‘माझा हात’ असे लिहिले आहे : माझा हात गेला, माझा हात चालेना, हातच नाही तर मी काय विकू. अकरा वर्षे जाहिरात संस्थेत काढलेल्या माणसाकडे फक्त हात असतो, यावर माझा विश्वास नाही. कोणत्या मजकुराला कोणते चित्र शोभेल, पानावर पांढरी जागा किती सोडावी, दहा रेखाटनांतले कोणते पुढे न्यावे, हे डोळ्याचे आणि विवेकाचे काम आहे, आणि त्याला बोटांच्या सांध्यांची गरज फार थोडी लागते. छोट्या प्रकाशन संस्थांकडे कलादिग्दर्शक नसतो. त्यांना महिन्यातून दोन वेळा कोणी चित्रांकडे जाणत्या नजरेने पाहून टिपणे देणारे हवे असते. नव्या चित्रकारांना आपल्या कामाचा संग्रह कोणाकडून तरी नीट तपासून घ्यायचा असतो. ही कामे तुम्ही पडल्या पडल्या, बोलून टिपणे उतरवून घेत, करू शकता. आवाजावरून मजकूर उतरवण्याची सोय आता साध्या फोनमध्येही असते.

रेन्वार या चित्रकाराचे उदाहरण तुम्हाला बहुधा अनेकांनी ऐकवले असेल, कारण त्याला तुमचाच आजार होता. शेवटच्या वर्षांत त्याची बोटे इतकी वाकडी झाली होती, की तो कुंचला हाताला बांधून चित्रे काढी, अशी आख्यायिका आहे. बांधून नव्हे. हाताला फडक्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असत, त्या कातडी सोलवटू नये म्हणून, आणि कुंचला त्याच्या बोटांत दुसरे कोणी तरी अडकवून देई. मोठ्या चित्रासाठी हात लांबवर न्यावा लागू नये, म्हणून कॅनव्हास गुंडाळ्यांवर फिरवण्याची व्यवस्था केलेली होती. १९१३पासून त्याने शिल्पे केली, ती रिशार गिनो या तरुण शिल्पकाराच्या हातांनी. पाहणे आणि सांगणे रेन्वारचे, माती गिनोची. मातीस या फ्रेंच चित्रकाराचेही तसेच. १९४१मध्ये पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर त्याचे आयुष्य खाट आणि चाकाची खुर्ची यांत आले, तेव्हा त्याने कात्री हातात घेतली. कागद रंगवून देणारे आणि कापलेले तुकडे त्याच्या सूचनेप्रमाणे भिंतीवर टाचणारे मदतनीस होते. या गोष्टी जिद्दीच्या म्हणून सांगितल्या जातात, आणि ऐकणाऱ्या आजारी माणसाला अपराधी वाटते. मला त्यांत जिद्दीपेक्षा व्यवस्था जास्त दिसते. दोघांनीही साधन बदलले आणि दोघांनीही दुसऱ्याचे हात घेतले. ते घेण्याइतके नाव आणि पैसा दोघांकडे आधीच होता, हेही विसरू नये. तुमच्याकडे मदतनीस ठेवण्याइतके पैसे नाहीत, हे मला माहीत आहे. पण रंग भरण्याचे काम एखाद्या शिकाऊ चित्रकाराला मानधनाचा ठरावीक वाटा देऊन सोपवणे, श्रेयनामावलीत त्याचे नाव घालणे, आणि हे प्रकाशकाला आधी सांगणे, यात कमीपणा काही नाही. मोठ्या स्टुडिओंत निरोगी माणसेही असेच काम करतात.

साधनांबद्दल थोडक्यात. डिजिटल चित्रे काढत असाल, तर रेष स्थिर करणारी सोय जवळजवळ प्रत्येक चित्र-सॉफ्टवेअरमध्ये असते, ‘क्रिटा’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही. ती वाढवून पाहा, थरथरत्या हाताची रेषही त्यात सावरते. पेनाला जाड पकड लावा. बारीक पेन घट्ट चिमटीत धरण्यानेच सांधे सर्वांत जास्त शिणतात. वारंवार लागणाऱ्या आज्ञा पायाने दाबायच्या पेडलवर बसवता येतात. हाताला आधार देणारी पट्टी कोणती, किती वेळ वापरायची, हे मात्र मनाने ठरवू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्ट नावाचा माणूस नेमका याच कामासाठी असतो, आणि त्याच्याकडे जाताना तुमचा पेन आणि टॅबलेट बरोबर न्या. त्याच्यासमोर दहा मिनिटे चित्र काढा. ‘हात दुखतो’ असे सांगण्याने त्याला जे कळणार नाही, ते तुमचा अंगठा पाहून कळेल. तुमच्या संधिवाततज्ज्ञांनाही सांगा, की पेन धरणे हा तुमचा उदरनिर्वाह आहे. औषधाचा डोस पुरेसा आहे की उपचार पुढे न्यायचे, हे ठरवताना ही माहिती त्यांच्या उपयोगाची असते, आणि आपण बहुतेक वेळा ती देतच नाही. औषधाचा वार शनिवारच असावा का, असेही तुम्ही जाता जाता विचारले आहे. वार बदलायचा तर तो डॉक्टरांनाच विचारून बदला, कारण मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि त्यातला घोळ जिवावर बेतू शकतो. पण मला विचाराल तर शनिवार वाईट नाही. रविवारी काम देणारेही गप्प असतात.

आता दुसरा प्रश्न, सांगावे की लपवावे. सदर लिहू लागण्याआधी मी बरीच वर्षे एका नियतकालिकात चित्रकारांना काम देण्याच्या बाजूला बसले होते, म्हणून त्या बाजूचे मन सांगते. एका अंकाच्या वेळी दोन चित्रकारांचे काम एकाच सुमारास अडले. पहिल्याने आठ दिवस फोन उचलला नाही, आणि नवव्या दिवशी अप्रतिम चित्रे पाठवली. तोवर मी घाबरून ते काम दुसऱ्याला देऊन बसले होते, त्यामुळे ती चित्रे छापली गेली नाहीत. दुसरीने तिसऱ्याच दिवशी दोन ओळी पाठवल्या : “पाच चित्रे तयार आहेत, सोबत पाठवते. उरलेली तीन बुधवारऐवजी पुढच्या सोमवारी देऊ शकेन, चालत नसेल तर आजच सांगा.” मी त्या अंकातली पाने मागेपुढे केली आणि पुढच्या अंकाचे कामही तिलाच दिले. तिला काय झाले होते, हे मी विचारलेही नाही. संपादकाच्या पोटात गोळा येतो तो उशिराने नव्हे, शांततेने. उशीर कळला तर त्याला जागा करता येते, पण न उचललेल्या फोनला जागा करता येत नाही.

म्हणून माझे मत असे, की निदान सांगणे तुमच्या मर्जीवर सोडा, पण अटी सांगणे सोडू नका. पहिल्याच पत्रात लिहा : “मी आठवड्यातले ठरावीक तासच काम करते, म्हणून माझ्या मुदती लांब असतात, पण त्या मी पाळते. फोनपेक्षा लेखी निरोप बरा. सकाळी दहाच्या आधी मी उपलब्ध नसते. काम मी तीन टप्प्यांत देते आणि प्रत्येक टप्प्यावर कळवते.” यात आजाराचा उल्लेख नाही आणि खोटेही काही नाही. लांब मुदत ज्याला चालत नाही तो इथेच गळेल, आणि तो गळणे हा तुमचा फायदा आहे. ज्याच्याबरोबर दोन-तीन कामे झाली आणि विश्वास बसला, त्याला आजाराचे नाव सांगावेसे वाटले तर सांगा. सांगताना क्षमा मागू नका. “मला संधिवात आहे, त्यामुळे कधी कधी दोन आठवडे काम थांबते, म्हणून मी मुदतीत ते आधीच धरलेले असते,” हे वाक्य एखाद्या सुताराने “पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून मी जास्त दिवस मागतो” असे म्हणावे, तशा सुरात म्हणता आले पाहिजे. आरशासमोर म्हणून पाहा. पहिल्या दहा वेळा आवाज कापेल.

मोठ्या संस्थेत नोकरी किंवा दीर्घ करार असेल, तर मात्र निदान सांगण्याचा उपयोग असतो. संयुक्त राष्ट्रांनी २००६मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कामाच्या ठिकाणी ‘वाजवी सोयी’ देण्याचे तत्त्व आहे, आणि बहुसंख्य देशांनी तो करार मान्य केलेला आहे. कोणत्या आजाराला, कोणत्या आस्थापनेत, किती सोय, हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. पण कमी तास, उशिराची सुरुवात, घरून काम, ही मागणी करता येते, हेच अनेकांना माहीत नसते. तुमच्या पत्रात एक जागा रिकामी आहे. नोकरी सोडली असे तुम्ही लिहिले आहे, पण सोडण्याआधी अर्धवेळ मागितले होते का, हे लिहिलेले नाही. मागितले नसेल, तर आजही उशीर झालेला नाही. तुमची कामाची पद्धत माहीत असलेली, तुमच्यावर अकरा वर्षे विसंबलेली माणसे त्या एका इमारतीत आहेत. त्यांना महिन्याला ठरावीक तासांचे काम मागा : जुन्या जाहिरातींचे नवे आकार करणे, पानमांडणी, फाइली छपाईसाठी तपासून देणे.

हे काम रटाळ आहे, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. पण सर्जनशील काम म्हणजे हलके काम, असा एक समज आपल्यात मुरलेला आहे. बाहेरून ते बसून, शांतपणे केलेले दिसते. वास्तविक कोऱ्या पानासमोर निर्णय घेत राहण्याइतके दमवणारे काम थोडे, आणि आजाराचा थकवा हल्ला करतो तो आधी या निर्णयशक्तीवर. तुमच्या मधल्या दिवसांच्या दीड तासात नवे सुचणार नाही, पण आकार बदलून देणे जमेल. दोन प्रकारची कामे हाताशी ठेवली, तर मधला दिवस वाया जात नाही आणि चांगल्या दिवसाचे चार तास चित्रासाठी राखून ठेवता येतात. पोटापाण्याचे सगळे ओझे चित्रांवर टाकले, की चित्रांची भीती वाटू लागते. तिसऱ्या कामाची आगाऊ रक्कम तुम्ही परत केलीत, त्यामागे मला थोडी ही भीतीही दिसते.

व्यवहाराकडे येते. करारात टप्पे लिहून घ्या : कच्ची रेखाटने, मंजूर रेखाटने, अंतिम चित्रे, आणि प्रत्येक टप्प्याला रक्कम जोडा. मध्येच आजार उसळला आणि काम सोडावे लागले, तर झालेल्या टप्प्याचे पैसे तुमचे आणि झालेले काम त्यांचे. असे लिहिलेले असले, की आगाऊ रक्कम परत करण्याची वेळ येत नाही. सुधारणांच्या फेऱ्या मोजून द्या, दोनच. खुल्या सुधारणा ही आजारी माणसाच्या तासांना लागलेली सर्वांत मोठी गळती आहे. आणि हक्क सरसकट देऊन टाकू नका. १८८६च्या बर्न करारात आज जगातले बहुतेक देश आहेत, आणि त्यातील देशांत चित्र काढताच त्याचा स्वामित्वहक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. नोकरीत केलेल्या कामाचे नियम वेगळे असू शकतात. बाहेरच्या कामात मात्र ‘या पुस्तकासाठी, या भाषेत, इतक्या वर्षांसाठी’ एवढाच वापर देता येतो. मग तेच चित्र उद्या दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीत, दिनदर्शिकेत, शुभेच्छापत्रावर पुन्हा मिळकत देऊ शकते, आणि ती मिळकत तुम्ही अंथरुणावर असतानाही येते. ती फार मोठी असेल, असे मी म्हणणार नाही. चित्रसंग्रहांच्या संकेतस्थळांवरून मिळणारे पैसे बहुतेकांना तुटपुंजेच असतात आणि त्यासाठी शेकडो चित्रे टाकावी लागतात. पण निरोगी चित्रकारासाठी हक्क हा तत्त्वाचा प्रश्न असेल, तुमच्यासाठी तो तासांचा प्रश्न आहे.

काम देण्याआधी नोंदणी शुल्क मागणारा, किंवा ‘चाचणी’ म्हणून पूर्ण चित्र फुकट मागणारा कोणीही असो, त्याला नमस्कार करून पुढे जा. आजारामुळे कोणाला विम्याचा किंवा सरकारी भत्ता मिळत असेल, तर पहिली कमाई हाती येण्याआधी तिचा त्यावर काय परिणाम होतो, हे लेखी विचारून घ्यावे.

चांगल्या दिवसांबद्दल मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे. तुमच्या नोंदीत चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रात्रीच्या बैठका आहेत, सहा-सहा, सात-सात तासांच्या. ‘आज हात चालतोय तर उरकून घेऊ’ हा विचार मला समजतो. दोन्ही वेळा पुढचे चार दिवस कोरे आहेत, तेही तुम्हीच नोंदवले आहे. चार तासांना घड्याळ लावा आणि ते वाजले, की चित्र रंगात आलेले असतानाच उठा. दुखू लागल्यावर थांबणे म्हणजे उशिरा थांबणे. उद्या कुठून सुरू करायचे, ते एका ओळीत लिहून उठलात, तर दहा दिवसांच्या खंडानंतरही धागा सापडतो. हे पत्र वाचणाऱ्या ज्यांचा आजार असा आहे, की श्रमाचा फटका त्याच वेळी न बसता एक-दोन दिवसांनी बसतो, उदाहरणार्थ मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस हा दीर्घ थकव्याचा आजार किंवा लांबलेला कोविड, त्यांनी ‘आज कसे वाटते’ यावर मोजमाप ठेवू नये. परवा काय झाले ते पाहून आजची मर्यादा ठरवावी, आणि ती वाढवण्याची घाई करू नये. त्यांना दोन-तृतीयांशाचा माझा हिशेबही जास्त होईल.

घरच्यांविषयी तुम्ही कमी लिहिले आहे, तेव्हा मीही थोडेच लिहिते. पती ‘विश्रांती घे, कशाला दगदग’ म्हणतात, आणि बहीण ‘छंद म्हणून कर’ म्हणते. दोघांचाही हेतू चांगला आहे आणि दोघांनीही तुमचे काम कामांतून काढून टाकले आहे. त्यांना ही नोंदवही दाखवा. चांगल्या दिवसाचे ते चार तास घरात सर्वांना माहीत असू द्यात. नाही तर चांगला दिवस उगवला, की साचलेली घरकामेच आधी तुमच्या वाट्याला येतात, हे तुमच्या नोंदीत तीन ठिकाणी दिसते आहे.

आणि ते पाकीट. प्रकाशकाने पुन्हा बोलावले नाही, असे तुम्ही लिहिता. तुम्ही त्यांना पुन्हा विचारले का? रागावलेला प्रकाशक सहसा पैसे अडवतो किंवा चार शब्द सुनावतो. यांनी पैसे चुकते केले आणि प्रत घरी पाठवली. येत्या चांगल्या दिवशी, काम सुरू करण्याआधी, पाकीट फोडा आणि पुस्तक कलादिग्दर्शकाच्या नजरेने पाहा. सतराव्या पानापासून पुढची चित्रे हात सुजलेला असताना काढली, असे तुम्ही म्हणता. पहिल्या सोळा पानांशी ती ताडून पाहा आणि फरक दिसतो का, दिसत असेल तर नेमका कुठे, हे वहीत लिहा. मग त्या प्रकाशकाला चार ओळींचे पत्र पाठवा : पुस्तक पाहिले, मागच्या वेळी मुदतीचा अंदाज माझ्याकडून चुकला, पुढच्या २४ पानांना मला अठरा आठवडे लागतील, टप्पे सोबत जोडले आहेत. त्यांचे काय उत्तर येते, ते मला नक्की कळवा.